घेण्यास नकार

मी कोर्टाची बेलीफ. वडगावला सोळा वर्षं झाली. समन्स पोचवायचं, जप्ती करायची, ताबा मिळवून द्यायचा आणि येता-जाता लोकांच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. "बाईमाणूस असून असली नोकरी?" असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. का, बाईला दारावर कागद चिकटवता येत नाही? एका गावात माझ्या अंगावर खरकटं पाणी टाकलं, दुसऱ्या गावात कुत्रं सोडलं. त्या दोन्ही दिवशी मी घरी येऊन पोटभर जेवले. सांगायचा मुद्दा, मी रडूबाई नाही. पण रखमाजी आबांचं सांगायला बसले की माझा आवाज चढतो, आणि तो कुणावर चढतो ते मलाच कळत नाही.

आबा आमच्या उंबरशेतचे पोस्टमन. उंबरशेत माझं माहेर, कान्हे स्टेशनावर उतरून आत चालत गेलं की पाऊण तासावर. सरकारी भाषेत आबा ग्रामीण डाक सेवक, पण गावाला ते पोस्टमनच. पंचायतीच्या मागच्या खोलीत त्यांचं पोस्ट. एक टेबल, एक लोखंडी पेटी, शिक्के, आणि बाहेर भिंतीला टेकवलेली सायकल. बत्तीस वर्षं त्याच सायकलीवरनं त्यांनी चार वाड्यांचं टपाल वाटलं. बारीक अंगाचा, वाकलेल्या खांद्याचा माणूस. कुणाच्या घरचं चांगलं पत्र असलं की ते आधी हसायचे आणि मग पिशवीत हात घालायचे.

माझा नोकरीचा हुकूम त्यांनीच आणला. मी तेव्हा शेतावर होते, लावणी चालली होती. हा माणूस बांधाबांधानं, चिखलात, सायकल खांद्यावर घेऊन आला. "हात धू आधी," म्हणाले. "सरकारी कागद हाय, चिखलाच्या हातानं घेऊ नगं." मी हात धुतले, पदराला पुसले, सही केली. माझ्या आईनं पेढ्याला पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. "पुढं पोरगी साहेब झाली की देईल," म्हणाले. साहेब कसली डोंबलाची झाले! त्यांच्याच दारात हलगी वाजवायला गेले.

आता घंटीचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्या गावात एक समजूत फार जुनी आहे. कोर्टाचा कागद हातात घेतला की कोर्ट अंगाला लागतं. घेतलाच नाही तर ते आल्या वाटेनं परत जातं. म्हातारीकोतारी नव्हे, बारावी झालेले लोकसुद्धा असंच मानतात. पोस्टमनच्या हातात मागं पोचपावतीचं कार्ड लावलेलं जाड पाकीट दिसलं की माणसं हात पाठीमागं बांधायची. आबांना ते बघवायचं नाही. त्यांनी त्यावर स्वतःची तोड काढली. साधं पत्र असलं की सायकलची घंटी एकदा. कोर्टाचं पाकीट असलं की दोनदा. दोन घंट्या ऐकल्या की घरातलं कर्तं माणूस मागच्या दारानं गोठ्यात जायचं. आबा उंबऱ्यापाशी थांबायचे, पाणी प्यायचे, आणि पाकिटावर लिहायचे, "घेण्यास नकार". खाली तारीख, सही. पाकीट परत. घरात सगळे सुटकेचा निःश्वास टाकायचे आणि बाई आबांना चहा करायची.

लहान असताना आम्हाला त्यात गंमत वाटायची. दोन घंट्या वाजल्या की आम्ही ओरडायचो, "पळा, कोर्ट आलं!"

आबा एक छोटी वही ठेवायचे, खिशात मावेल एवढी. त्यात ज्यांची ज्यांची पाकिटं परत पाठवली त्यांची नावं. मला त्यांनी एकदा कौतुकानं दाखवली होती. वरती मथळा होता, "वाचवलेली माणसं".

गेल्या वर्षीची गोष्ट. दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. आमच्या कार्यालयात टपाल फोडायचं काम चाललं होतं. पुण्याहून एक लाखेचं जाड पाकीट आलेलं. तिथल्या एका लहान कोर्टानं दिलेला निकाल आमच्या कोर्टाकडं बजावणीसाठी वर्ग झाला होता. रोजचंच आहे हे, मी मानही वर केली नसती. कारकुनानं आवक वहीत नाव लिहिताना मोठ्यानं वाचलं, "अमृत रखमाजी, आणि रखमाजी, राहणार उंबरशेत, तालुका मावळ." माझ्या हातातला चहा कपातच राहिला.

अमृत म्हणजे आबांचा एकुलता एक. त्यानं पुण्यात एका कॉलेजजवळ खानावळ काढली होती. गाळा भाड्याचा. मालकानं सांगितलं, करारावर गावाकडं जमीन असलेल्या माणसाची सही पाहिजे. आबांनी जामीन म्हणून केली. खानावळ दीड वर्षात बसली. अमृतनं भाडंही दिलं नाही आणि गाळाही सोडला नाही, चौदा महिने कुलूप लावून ठेवलं. मालक कोर्टात गेला. अमृत देहूरोडला कुठंतरी ठेकेदाराकडं लागला आणि गावाकडं यायचाच बंद झाला. निकाल लागला तो दोघांवर, अकरा लाख चाळीस हजार आणि वर व्याज. कार्ट्याच्या नावावर तर एक मोटारसायकलसुद्धा नव्हती. जमीन होती ती आबांची.

जमीन किती? रस्त्याकडेची बावीस गुंठे. त्यावर आबांची बायको, शालूबाई मावशी, रोपवाटिका चालवायची. गुलाबाची कलमं, सोनचाफा, मोगरा, जास्वंद, फणसाची रोपं. लोणावळ्याचे बंगलेवाले गाड्या थांबवून रोपं न्यायचे. "मावशी, गेल्या वर्षीचा चाफा लागला बरं का," असं कुणी सांगितलं की मावशी दिवसभर खूश. पोस्टाच्या पगारात घर कधी चाललं नाही, चाललं ते ह्या रोपांवर. आबा निवृत्त झाल्यावर दोघांचा सगळा भार त्याच बावीस गुंठ्यांवर होता.

मी आमच्या वरिष्ठांकडं, नाझरसाहेबांकडं गेले. म्हटलं, "हे प्रकरण दुसऱ्या कुणाकडं द्या. माझं माहेर आहे."

"नाणे मावळ तुमच्याकडं आहे, मॅडम," ते म्हणाले. "आणि उंबरशेतात दुसऱ्या कुणाला पाठवलं तर लोक दगड मारतील. तुम्हाला निदान ओळखतात."

जप्तीचा हुकूम अजून वाजवून जाहीर करावा लागतो, नियमच आहे तसा. मी हलगीवाला घेतला, दोन पंच घेतले आणि सकाळी दहाच्या सुमाराला रोपवाटिकेच्या फाटकापाशी उभी राहिले. मावशी गुलाबांना झारीनं पाणी घालत होती. मला बघून हसली.

"अनिता! ये गं. आज कशी काय वाट चुकलीस? सोनचाफा न्हेतीस का?"

हलगी वाजली. काय वाटलं म्हणून सांगू! तो आवाज लग्नात वाजतो तसाच, ताल वेगळा नाही. मावशीच्या हातातली झारी वाकडी झाली आणि पाणी तिच्या पायावर पडत राहिलं. मी कागद वाचला. सदर मिळकत जप्त करण्यात येत आहे, कुणालाही विकता, गहाण टाकता, बक्षीस देता येणार नाही. एक प्रत फाटकावर लावली, एक पंचायतीत जायची होती, एक तलाठ्याकडं, सातबाऱ्यावर बोजा चढवायला.

आबा घरातनं आले. अंगात बनियन, डोळ्यावर चष्मा. घाबरलेले नव्हते. उलट माझ्यावरच हसले.

"तुजी कायतरी गफलत झालीय पोरी. ह्ये लहान कोर्टाचं परकरन हाय. त्या कोर्टाला जमिनीला हात लावता येत न्हाई. मी पक्की चौकशी केलेली हाय. कान्ह्याच्या स्टेशनावर एका वकिलाच्या कारकुनानं सांगितलं व्हतं."

"त्यानं खरंच सांगितलं आबा," मी म्हटलं, "पण अर्धंच सांगितलं. त्या कोर्टाला जमीन जप्त करता येत नाही. म्हणून ते निकाल वरच्या कोर्टाकडं पाठवतं. वरचं कोर्ट तो आपलाच समजून चालवतं, आणि त्याला जमिनीला हात लावता येतो. निकाल पुण्याहून वडगावला आला. टपालानंच आला."

"मग तुमी परत पाठवायचा."

"कोर्ट कोर्टाचं पाकीट परत पाठवत नाही, आबा."

त्यांनी चष्मा सारखा केला. मग कायतरी सापडल्यासारखं म्हणाले, "पन मला न इचारता निकाल दिलाच कसा? मी तर एक बी कागद घ्येतला न्हाई. तीन येळा पाकीट आलं. तवा मी नोकरीतच व्हतो. टेबलावर माझ्याच नावाचं पाकीट. मीच मला इचारलं, घेता का? मीच म्हनलो, न्हाई. लिवलं, सही केली, धाडलं परत." एवढं सांगून ते पंचांकडं बघून हसले. पंचही हसले. गावात हा किस्सा सगळ्यांना माहीत होता.

मला तेव्हा खरंच राग आला. त्यांचा नाही, त्या हसण्याचा.

"आबा, हसू नका. नाकारलं म्हणजे आलं नाही, असं नसतं. नाकारलं म्हणजे मिळालं. कायद्याला दोन्ही सारखंच. तुम्ही 'घेण्यास नकार' लिहिलंत ना, कोर्टानं त्याचा अर्थ लावला, माणसाला बोलावलं होतं, तो मुद्दाम आला नाही. मग एकट्या मालकाचं ऐकून निकाल दिला. ती तीन पाकिटं नाकारली नसतीत आणि तारखेला उभे राहिला असतात, तर निदान अर्धी रक्कम तरी कमी झाली असती. चौदा महिन्यांचं दुप्पट भाडं लावलंय त्यानं, विचारायला कुणी नव्हतंच."

आबांचं हसणं थांबलं. मला वाटलं, जमिनीचा धक्का बसला. पण त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"सगळ्यांचं असंच व्हतं? म्हंजी, नकार लिवला की?"

"सगळ्यांचं."

"आधीपास्नं?"

"आधीपासून, आबा."

ते फाटकाशी टेकून खाली बसले, जमिनीवर. मावशी म्हणत होती, "अवो उटा, पोरीला पानी तरी द्या." ते उठले नाहीत. खिशातनं ती छोटी वही काढली आणि पानं उलटायला लागले. मी पंचांच्या सह्या घेतल्या आणि निघाले. मागं वळून बघायचं धाडस माझ्यात नव्हतं.

चार दिवसांनी आबा वराळ्याला माझ्या घरी आले. लोकलनं तळेगावला उतरून तिथनं चालत. घामाघूम. चहा घेतला नाही.

"अंबूबाई कुटं ऱ्हाती?" त्यांनी विचारलं.

अंबूबाई आमच्याच गावची. नवरा गेल्यावर दिरानं विहिरीजवळच्या शेतावर दावा लावला. पाकिटं आली, दोन घंट्या वाजल्या, अंबूबाई गोठ्यात गेली. तिचं शेत कधी गेलं ते तिलाही कळलं नाही, मोजणीवाले आले तेव्हा कळलं. आता ती वराळ्यात भाचीकडं राहते आणि आमच्याच सोसायटीत चार घरची भांडी करते. वहीत तिचं नाव चौथं होतं.

मी त्यांना खाली घेऊन गेले. अंबूबाई जिन्याखाली बसून चपला घालत होती. आबांना बघून ती एवढी हरखली की काय सांगू. तिनं पदर डोक्यावर घेतला, पाया पडायला वाकली. मला म्हणाली, "ह्ये रखमाजी भाऊ. गावात असताना यांनी मला लय सांभाळलं बघ. कोरटाचं पाकीट एकदा बी हातात दिलं न्हाई. मानूस न्हवं, द्येव हाय."

आबांचे ओठ हलले. मी वाट बघत होते, आता बोलतील, आता बोलतील. ते म्हणाले, "बरी हाईस ना?" तिनं बरी आहे म्हणून सांगितलं. पिशवीतनं दोन केळी काढून त्यांच्या हातात दिली. आम्ही परत निघालो तेव्हा ती केळी त्यांच्या हातात तशीच होती. रस्त्यावर आल्यावर ते मला म्हणाले, "माझ्या तोंडातनं निघालं न्हाई, अनिता."

जमीन वाचवायची एकच वाट उरली होती. पुण्याच्या त्याच कोर्टात अर्ज करायचा, की समन्स आम्हाला मिळालंच नव्हतं, म्हणून एकतर्फी निकाल रद्द करा. तळेगावच्या श्रीपाद वकिलांनी कागद बघितले. वकील माणूस तसा भला. त्यांनी पाकिटांवरचा शेरा बघितला आणि चष्मा पुसला.

"हे अक्षर तुमचं आहे, असं कोण म्हणतं?" त्यांनी आबांना विचारलं. "त्या महिन्यात तुम्ही दहा-बारा दिवस रजेवर होता ना? तुमच्या जागी बदली मुलगा होता."

"पवन व्हता. पन पाकिटं आली तवा मी व्हतो."

"ते तुम्हाला माहीत. सही नुसती एक रेघ आहे. पवननं तुम्हाला न दाखवता शेरा मारला, असं प्रतिज्ञापत्र करा. निकाल रद्द होईल, खटला पुन्हा चालेल. जमिनीवरची जप्ती उठेल."

पवन म्हणजे आबांच्या जागी आता कायम लागलेला मुलगा. तिशीतला, लग्न झालेला, एक तान्ही मुलगी घरात. खोटा शेरा मारला म्हणून त्याची चौकशी झाली असती आणि नोकरी गेली असती. मावशी तिथंच बाकावर बसली होती. तिनं आबांच्या बाहीला धरलं.

"करा वो," ती म्हणाली. "पवन तरना हाय, त्याला दुसरं काम मिळंल. मला ह्या वयात दुसरी जमीन कोन द्येनार? तीस वर्सं मी ती माती चाळलीय. तुमी करा सही."

आबांनी सही केली. मी तिथं होते, मी बघितली. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

तारखेला मी रजा टाकून पुण्याला गेले. कोर्टातल्या माणसानं असल्या कामाला जायचं नसतं, तरी गेले. आबांनी पांढरा सदरा घातला होता. न्यायाधीश बाई होत्या, आवाज शांत. त्यांनी ती तीन पाकिटं आबांच्या हातात दिली.

"हा शेरा कुणाचा आहे?"

आबांनी पाकिटं नीट जुळवली, तारखेप्रमाणे लावली, कडा सारख्या केल्या. बत्तीस वर्षांची सवय. मग त्यांनी एकेका शेऱ्यावरनं अंगठा फिरवला. मावशी माझ्या शेजारी बसली होती, तिनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"माझा हाय, सायेब," आबा म्हणाले.

श्रीपाद वकील खाकरले. "आबा, नीट बघा. तुम्ही प्रतिज्ञापत्रात काय लिहिलंय?"

"त्ये खोटं हाय. पवनचं काय न्हाई त्यात. ह्ये माझं अक्षर. अंबूबाईच्या पाकिटावर बी असंच व्हतं, तिला तर मी दाखवलं बी न्हवतं. आनखी छत्तीस जनांच्या पाकिटांवर हाय. मला वाटायचं, मी त्यांना वाचवतोय."

न्यायाधीश बाईंनी पाकिटं परत घेतली. "मी फक्त तुमच्या प्रकरणाबद्दल विचारू शकते," त्या म्हणाल्या. अर्ज फेटाळला गेला. खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल त्यांनी समज दिली आणि सोडून दिलं.

शिवाजीनगरला लोकलमध्ये बसल्यावर खिडकीकडं तोंड करून मावशी एवढंच म्हणाली, "लोकांना वाचवायचं म्हनून लिवलंत. आपल्या घरचं मानूस तेवढं दिसलं न्हाई तुमाला." वडगाव गेलं, कान्हे आलं, तिघंही उतरलो. मला वाटलं, मावशीचं बरोबर आहे. मग वाटलं, पवनच्या मुलीचं काय? असं माझं तेव्हापासून चाललंय, एकदा हे बरोबर वाटतं आणि एकदा ते.

मे महिन्यात लिलाव झाला. जमीन घेतली ती पुण्याच्या कुणा बंगलेवाल्यानं, मी त्याचं तोंडही बघितलं नाही, त्याचा माणूस आला होता. ताबा द्यायला पुन्हा मीच. मावशीनं आदल्या दिवशीच रोपं टेम्पोत चढवली होती, सोनचाफ्याचं मोठं झाड तेवढं हलवता आलं नव्हतं. ती फाटकापाशी आली, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "त्याला सांग, उन्हाळ्यात दर दोन दिसांनी पानी लागतं." मी त्या माणसाला सांगितलं. त्यानं मोबाईलवरनं मान वर न करता हो म्हटलं.

मी ताबा पावती पुढं केली. आबांनी चष्मा लावला. सगळा कागद वाचला, एकेक ओळ. मग सही केली, नाव सुवाच्य अक्षरात, आणि सहीच्या वर न सांगता लिहिलं, "कागद मिळाला". मी म्हटलं, "आबा, हे लिहायची गरज नाही." ते म्हणाले, "असू दे."

मी निघाले तेव्हा माझ्या पिशवीत उंबरशेतातलंच आणखी एक काम होतं. आदिनाथ आणि त्याची बायको राजेश्वरी, वरच्या आळीला राहणारे. कुणा दलालानं त्यांच्या शेताच्या विक्रीचं साठेखत झालंय म्हणून दावा लावला होता. पाकीट टपालानं दोनदा येऊन गेलं होतं. आता माझ्या हाती समन्स होतं. नुसतं समन्स हं, निकाल नव्हे. घ्यायचं, तारखेला जायचं, सांगायचं की असा काही व्यवहार झाला नाही. एवढं केलं असतं तरी पुरे होतं.

"कुनाकडं?" आबांनी विचारलं.

मी सांगितलं. आबांनी वही काढली नाही. "त्यात न्हाई त्यांचं नाव," म्हणाले. "त्ये माझ्यानंतरचं. पवनला मीच शिकवलंय. तो आता मोटारसायकलचा हॉर्न दोनदा वाजवतो." मग चपला घातल्या. "चल. मी येतो संगं. माझं ऐकतील."

आम्ही वरच्या आळीला गेलो. आबा पुढं, मी मागं. लोक ओट्यांवरनं बघत होते. जमीन गेलेला माणूस आणि ती घेणारी बाई बरोबर चालत होती, त्यांना काय कळणार? राजेश्वरी अंगणात वाळवण घालत होती. तिशीची, चटपटीत, अंगणवाडीत शिकवते. आधी तिनं आबांना बघितलं, मग माझ्या हातातला कागद. तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले. इतक्या पटकन, की हातावरचं पीठ पाठीवरच्या पदराला लागलं.

"घे पोरी," आबा म्हणाले. "हात पुढं कर. घ्येतला म्हंजी कायबी व्हत न्हाई. न घ्येतल्यावर व्हतं."

"आबा, तुमी असं का म्हनताय?" ती म्हणाली. "तुमीच तर सगळ्यांना वाचवलंत."

"म्या कुनालाच न्हाई वाचवलं. माझी जमीन बघ. अंबूबाईला इचार."

"अंबूवैनी तर तुमचं नाव घेत्यात," राजेश्वरी म्हणाली. तिच्या आवाजात कीव होती. जमीन गेल्यामुळं म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, असं तिला वाटत होतं, मला स्पष्ट दिसलं. ती माझ्याकडं वळलीच नाही. तिनं आबांनाच विनवलं, हळू, लाडानं, "लिवा की नेहमीसारखं."

मी ओरडले. "अगं बाई, जमीन जाईल तुझी! वाच तरी!" मी तिच्या अंगावर ओरडले, आजूबाजूचे ओट्यावरनं उठून उभे राहिले. ती दोन पावलं मागं गेली, घरात शिरली आणि दार लावलं. आतनं कडी घातल्याचा आवाज आला. मग मागच्या दाराचा आवाज आला.

आबांनी दारावर हात मारला. एकदा, दोनदा. "राजे! अगं घे गं! पाया पडतो तुज्या!" त्यांचा आवाज फाटला होता. दार उघडलं नाही.

मग मी पिशवीतनं खळीचा डबा काढला. समन्सची प्रत दारावर लावली, कडा दाबल्या. दोन शेजाऱ्यांना सह्या करायला बोलावलं, त्यांनी केल्या. आणि अहवालाचा कागद मांडीवर घेऊन त्या ओट्यावर बसले. आबा माझ्याशेजारी उभे होते. मला लिहायलाच लागणार होतं, दुसरं काही लिहिता येत नाही.

मी पेन उघडलं. आबांनी माझ्या हाताकडं बघितलं, आणि मी पहिलं अक्षर काढायच्या आधी ते वळून गावाकडं चालायला लागले.

मी लिहिलं, "घेण्यास नकार." खाली तारीख घातली आणि सही केली.